मुळाची नोंद नसलेली कविता

आधी नाव सांगते, मग बातमी. रत्नाअक्का. मला बंगळुरात राहायला खोली मिळाली ती रत्नाअक्कांच्या घराची, नोकरी मिळाली ती त्यांच्यामुळं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव छापून आलं तेही त्यांच्यामुळंच. एवढं आधीच लिहून टाकते, कारण पुढं माझं काही चुकलं, वाक्य कुठं अडखळलं, तर निदान हे तरी जागेवर राहील. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. पेपरच्या पुरवणीत लिहायची ही पहिलीच वेळ. तर... रत्नाअक्का गेल्या. सहा आठवडे झाले.

मंगळवारची सकाळ होती. मी कामाच्या टेबलावर एक वाळलेली रानतुळस कागदावर शिवत होते, तिसरा टाका घातला होता. आमचे शिपाई नंजप्पा दारात येऊन उभे राहिले. एरवी आत येऊन डिंकाची वाटी हुंगून, ‘आज चटणी चांगली झालीय’ असली काहीतरी चेष्टा करणारा माणूस, त्या दिवशी उंबऱ्यावरच थांबला. “अक्का होगिबिट्रु,” म्हणाले. अक्का गेल्या. त्यांच्या भाच्याचा ऑफिसात फोन आला होता. मी चौथा टाका घातला, पाचवा घातला, गाठ मारली, दोरा तोडला. अर्धं शिवलेलं झाड टेबलावर सोडून उठायचं नाही, हे अक्कांनीच शिकवलेलं. मग उठले.

आमचं गाव मंगळवेढ्याच्या पलीकडं, काळ्या रानात. लग्न होऊन एक्क्याण्णव साली मी बंगळूरला आले. मालक एका सरकारी कारखान्यात फिटर. ते सकाळी सातला जायचे, आणि मी चामराजपेटेतल्या एका खोलीत दार लावून बसायची. बाहेर पडायची भीती वाटायची. सातवीपर्यंत जे काय वाचायला शिकले होते तेसुद्धा इथं उपयोगाचं नव्हतं, बसवरच्या पाट्या सगळ्या कन्नडात. शिकलेलं असूनही अडाणी होता येतं हे मला तेव्हा कळलं. आमची खोली ज्या घराच्या मागच्या अंगाला होती, ते घर अक्कांच्या भावाचं. भाऊ वारले होते. वैनी, भाचा आणि लग्न न केलेल्या अक्का असे तिघं तिथं राहायचे. तिसऱ्या दिवशी नळावर त्यांनी मला गाठलं.

“सोलापूरकडची का गं तू?”

“व्हय.”

“व्हय नको म्हणू. सरी म्हण. इथं सरी म्हटलं की सगळं भागतं.”

त्यांची मराठी ऐकून मला हसू फुटलं, आणि माझी ऐकून त्यांना. त्यांच्या घरात ‘थोडं’ कुणी म्हणत नसे, ‘स्वल्प मीठ दे’ असंच बोलत. तीनशे वर्षांपूर्वी पूर्वज कुणाच्या तरी घोड्यामागून चालत इकडं आले, असं त्या सांगायच्या. “घोडा परत गेला गं, आम्ही राहिलो.”

अक्का नोकरीला होत्या ते हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या झाडांचा संग्रह. रानातून आणलेलं झाड कागदांच्या थप्पीत दाबून वाळवायचं, मग जाड पांढऱ्या कागदावर शिवायचं, चिकटवायचं, आणि कोपऱ्यात लेबल लावायचं: झाडाचं नाव, कुठं सापडलं, कुणी आणलं, फुलाचा रंग काय. ती लेबलं लिहायचं काम अक्कांचं. तीस वर्षं. त्या वनस्पतिशास्त्र शिकलेल्या नव्हत्या, अक्षर चांगलं म्हणून लागल्या आणि लिहून लिहून शिकल्या. तिथं शिवायला बाई हवी होती. “सुई धरता येते का?” अक्कांनी विचारलं. मी म्हटलं, “वाकळ शिवती की.” दुसऱ्या दिवशी मला साहेबांपुढं उभं केलं. साहेबांनी शिक्षण विचारलं.  अक्का म्हणाल्या, “सातवी. पण टाका बघा.” साहेबांनी एक झाड शिवायला दिलं आणि मी शिवलेला कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. पुढच्याइतकीच स्वच्छ होती. लागले.

तिथला एक रिवाज सांगायलाच हवा. कधीतरी जुन्या झाडाचं नाव चुकीचं निघतं. कुणी मोठा माणूस पन्नास वर्षांपूर्वी एक नाव लिहून गेलेला असतो, आणि आज कुणाला तरी कळतं की हे ते नव्हेच. अशा वेळी जुनं लेबल काढायचं नाही. खोडायचं नाही. शेजारी एक लहान चिठ्ठी चिकटवायची: बरोबर नाव, आणि कुणी दुरुस्त केलं त्याची सही. एकेका कागदावर अशा तीन-तीन चिठ्ठ्या असतात. मला पहिल्यांदा ते विचित्र वाटलं. आमच्या शाळेत चुकलं की पाटी पुसायची. अक्का म्हणाल्या, “इथं पुसत नाहीत. चुकलेला माणूसही कागदावर राहतो.”

आणि अक्का कविता करायच्या. मराठीत. झाडाचं वर्णन करायचा शास्त्रात एक क्रम ठरलेला असतो: आधी मूळ, मग खोड, मग पान, फूल, फळ. त्या त्याच क्रमानं लिहायच्या. ‘सुंदर’, ‘मोहक’, ‘नाजूक’ हे शब्द त्यांच्या वहीत बंद. “लेबलावर सुंदर लिहिलं तर साहेब हाकलून देतील. मग कवितेनं तरी का ऐकून घ्यायचं?” रस्त्याकडेला उगवणाऱ्या एकदांडीवर त्यांनी लिहिलेलं मला पाठ आहे:

पानं समोरासमोर, बोलत नाहीत.
देठ एकच, लांब, केसाळ.
पाकळी टोकाशी तीनदा चिरलेली.
कुणी चिरली, नोंद नाही.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. एकदांडी आम्ही जखमेवर चोळायचो, तिच्या पाकळीकडं कोण बघतो! दुसऱ्या दिवशी फुटपाथवर वाकून पाहिलं, खरंच तीन चिरा.

मराठी मंडळात दिवाळीच्या कार्यक्रमात त्यांना दोन मिनिटं मिळायची, फराळ स्पर्धेचा निकाल आणि भक्तिगीतं यांच्या मधली. अध्यक्ष मोठ्या कारखान्यातले इंजिनिअर, मूळचे पुण्याचे, तसे सज्जन. पण एकदा म्हणालेच, “अक्का, कविता वाचताय की शास्त्राचा तास घेताय?” सगळे हसले. अक्का चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “तास घेत असते तर तुला बाकावर उभं केलं असतं. बैस.” त्याहून जास्त हसले. पण मला वाईट वाटायचं. मंडळात मराठी येणाऱ्यांना झाडं माहीत नव्हती, आणि हर्बेरियममध्ये झाडं माहीत असणाऱ्या साहेबांना मराठी येत नव्हतं. दोन्हीकडचं थोडं थोडं कळणारी मीच एक, आणि मी सातवी.

हे असं असल्यामुळंच पुढचा घोटाळा झाला.

अक्का निवृत्त व्हायच्या आधी भाच्यानं त्यांचं पुस्तक काढायचं मनावर घेतलं. लग्नपत्रिका छापणारा एक छापखाना चामराजपेटेतच होता. त्या पुस्तकातली सगळ्यांत गाजलेली कविता ‘माळावरची’. तिला मंडळातसुद्धा टाळ्या पडायच्या. बंगळूरबाहेर येलहंक्याच्या पुढं गवताचा मोठा माळ आहे, तिथं पाऊस ओसरला की एक गुलाबी फूल येतं, त्याच्यावर ती होती:

खोड ताठ, फांद्या थोड्या.
पानं दोऱ्यासारखी, वाऱ्याला धरायला काही नाही.
फूल गुलाबी, गळ्याशी गडद.
कुणाच्या ताटातला घास नाही,
कुणाच्या खांद्यावर हात नाही.
उंची : स्वतःपुरती.

ही कविता म्हणजे अक्का स्वतः, हे सगळ्यांना कळायचं. बिनलग्नाची, स्वतःच्या पगारावर जगलेली, ताठ बाई. शेवटची ओळ म्हणताना त्यांचा आवाज जरासुद्धा चढत नसे, उलट उतरायचा... आणि सभागृह गप्प व्हायचं.

छपाई चालू असताना तेच झाड माझ्याकडं शिवायला आलं. कागदाच्या थप्पीतून काढलं तर काळं ठिक्कर. बाकीची झाडं वाळून तपकिरी होतात, हिरवट राहतात. हे काजळासारखं काळं. हा रंग माझ्या ओळखीचा होता. आमच्याकडं ज्वारीत टारफुला येतो. लहानसं, दिसायला गोजिरवाणं झाड, पण ज्वारीच्या मुळाला मूळ लावून तिचा रस पितं. आई उपटून बांधावर टाकायची, आणि ते असंच काळं पडायचं. मी ते फूल जवळून पाहिलं. तोंडवळा टारफुल्याचाच, गुलाबी बहीण जणू. कागदावर मूळ नव्हतं. आणणाऱ्यानं वरून खुडून आणलेलं, मूळ जमिनीतच राहिलेलं. लेबलावर मुळाबद्दल काहीच नव्हतं. ते लेबल अक्कांच्याच अक्षरातलं.

कुणाच्या ताटातला घास नाही, म्हणे.

मी घरी येऊन मालकांना सांगितलं. ते म्हणाले, “तुला काय करायचंय? कविता आहे ती, सातबारा आहे का?” बरोबरच होतं त्यांचं. मी सांगितलं आणि अक्का दुखावल्या तर? खोली त्यांच्या घराची, नोकरी त्यांच्या शब्दावरची, या गावात मला ‘जेवलीस का’ विचारणारं दुसरं कोण होतं? आणि नाही सांगितलं, तर ज्या बाईनं तीस वर्षांत लेबलावर एक खोटं अक्षर लिहिलं नाही, तिच्या एकुलत्या एका पुस्तकात, तिच्या सगळ्यांत लाडक्या कवितेत, खोटं छापलं जाणार. आणि कळलेलं असून मी गप्प राहिलेली. आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

शेवटी एका दुपारी अक्का छापखान्यातून आलेले कागद तपासत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, “तू वाच, मी वहीत बघते.” मी वाचत गेले. ‘कुणाच्या ताटातला’पर्यंत आले आणि थांबले.

“काय झालं? अक्षर लागत नाही का?”

“अक्का... ते घेतं.”

“कोण काय घेतं?”

“हे झाड. गवताच्या मुळातनं. आमच्या टारफुल्यागत.”

त्यांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, “पुरावा?”

रविवारी आम्ही दोघी बसनं येलहंक्याला, तिथून दुसऱ्या बसनं माळावर गेलो. मी घरून खुरपं आणि पाण्याचा डबा घेतला होता. फुलं सगळीकडं होती. एका झाडाभोवतीचा गवतासकट मातीचा गड्डा मी अलगद उचलला आणि डब्यातल्या पाण्यात धरला. ओढलं असतं तर तुटलं असतं, म्हणून नुसतं पाणी हलवत राहिले. माती सुटत गेली. दोन मुळं दिसायला लागली, एक गवताचं, एक फुलाचं, आणि जिथं ती भेटत होती तिथं खसखशीएवढ्या गाठी. अक्का भिंग लावून बराच वेळ बघत राहिल्या. साडीला चिखल लागलेला त्यांना कळला नाही.

“अय्यो,” म्हणाल्या, “चोरटी निघाली की गं.”

 त्यानंतर नऊ दिवस अक्का माझ्याशी बोलल्या नाहीत. ऑफिसात लेबलं लिहायच्या, घरी यायच्या, दार लावायच्या. नळावर वैनींनी मला धरलं. “काय केलंस गं रत्नाला? जेवायला बसते आणि ताटाकडं बघत राहते. मला वाटलं भाजीत काही पडलंय.”  मी मनात गावाकडं परत जायचं सामानसुमान बांधायला घेतलं होतं.

दहाव्या दिवशी हाक आली. अक्कांच्या टेबलावर ते छापील पान होतं. मला वाटलं कविता काढली असणार. काढली नव्हती. एक अक्षरही बदललं नव्हतं. फक्त खाली एक लहान चौकट आखली होती, आपल्या हर्बेरियमच्या चिठ्ठीएवढी, आणि तिच्यात अक्कांच्या त्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं: ‘दुरुस्ती. ही वनस्पती शेजारच्या गवताच्या मुळांतून अन्न घेते. कवयित्रीनं मूळ पाहिलं नव्हतं. निरीक्षण : सुमन.’ आणि पुढं माझं आडनाव.

मी म्हटलं, “अक्का, माझं नाव कशाला? लोक म्हणतील ही कोण. मी सातवी...”

“चिठ्ठीवर शिक्षण लिहायची जागा नसते.”

 आतून वैनींच्या फोडणीचा वास आला... अक्का हळू म्हणाल्या, “तीस वर्षं मी या वैनीच्या हातचं जेवते आहे. सकाळचा डबा तिचा, रात्रीचा ताक-भात तिचा. आजारी पडले तर पेज तिची. आणि मी मंडळात उभी राहून म्हणते, कुणाच्या ताटातला घास नाही. तेव्हा हीसुद्धा टाळ्या वाजवत होती, सुमन. पहिल्या रांगेत.”

पुस्तकाचं प्रकाशन मराठी मंडळाच्या सभागृहातच झालं. अध्यक्षांनी आदल्या दिवशी घरी येऊन समजावलं होतं, “अक्का, शुद्धिपत्रक असतं ते पुस्तकाच्या शेवटी टाकतात. कवितेच्या खालीच स्वतःची चूक छापली तर लोक हसतील.” अक्का म्हणाल्या, “मी चुकले नव्हते तेव्हाही तुम्ही सगळे हसलात. आता कारण मिळेल.” कार्यक्रमात त्यांनी ‘माळावरची’ वाचली, नेहमीसारखीच, आवाज उतरवत. टाळ्या सुरू होणार तेवढ्यात हात वर करून त्यांनी सगळ्यांना थांबवलं आणि खालची चौकट वाचली. शब्दन् शब्द. मग म्हणाल्या, “सुमन, उभी राहा.” मी पदर सावरत उठले. कोणी हसलं नाही. सगळ्यांत आधी अध्यक्षच उठून उभे राहिले, हे मी मुद्दाम नोंदवते. मी आयुष्यात कधी इतकी ताठ उभी राहिलेली नाही, आणि मला वाटतं अक्काही. आपली सगळ्यांत गाजलेली ओळ चुकीची आहे असं भरल्या सभेत सांगताना ज्या बाईचा आवाज कापत नाही, तिच्या हाताखाली मी काम केलं. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही.

पहिली प्रत अक्कांनी वैनींच्या हातात दिली. वैनी म्हणाल्या, “मला पुस्तक कशाला? त्यापेक्षा शेंगा सोलायला ये.” अक्का सोलायला बसल्या. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात बसायला लागल्या; सोलायच्या कमी, खायच्या जास्त, असं वैनी सांगतात.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. प्रकाशनानंतर एकदा मला म्हणाल्या, “मातीच्या वरचं मी लिहिलं. खालचं तू लिही. मला माती माहीत नाही.” मी म्हटलं, “मला कविता येत नाही, अक्का.” “कविता कुणाला येते? तू फक्त दिसलं ते लिही, क्रमानं. सुंदर म्हणू नको.” त्यांनी मला वही दिली. त्यांच्या निवृत्तीनंतर लेबलं लिहायचं कामही माझ्याकडं आलं. महिनाभर रोज संध्याकाळी माझा हात धरून त्यांनी अक्षर वळवून घेतलं होतं. दर रविवारी मी त्यांच्या खोलीत गेले की विचारायच्या, “मुळं कुठवर आली?” मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. दोन वर्षं. कधी मुलीचा ताप, कधी ऑफिसचं काम. खरं कारण भीती. चुकलं तर काय, ही माझी जन्माची भीती, आणि तीही अशा बाईपुढं, जिनं चुकायचं कसं हे मला दाखवलं होतं.

शेवटच्या रविवारी त्या पलंगावर टेकून बसल्या होत्या, पाय सुजलेले. “मुळं?”

“दोन ओळी झाल्यात.”

डोळे चमकले त्यांचे. “वाच.”

“आज नको. अजून कच्च्या आहेत. पुढच्या रविवारी, सगळी करूनच आणते.”

“सरी,” म्हणाल्या. आणि मंगळवारी गेल्या.

त्या दोन ओळी मी वाचायला हव्या होत्या. सहा आठवडे झाले, रोज वाटतं.

परवा मी एकटीच त्या माळावर गेले. आता एका बाजूला प्लॉटचे दगड रोवलेत, पण फुलं आहेत. अक्कांची एक सवय होती. फुलापाशी बसायच्या आधी त्या सूर्य कुठं आहे ते बघायच्या आणि आपली सावली फुलावर पडणार नाही अशा बाजूनं बसायच्या. मीही तशीच फिरून त्या बाजूला गेले, पदर खोचला, बसले. आजूबाजूला कुणी नव्हतं. वही उघडली आणि मोठ्यानं वाचलं:

मातीखाली एका हातात दुसरा हात.
कुठला कुणाचा, माती सांगत नाही.

तिसरी ओळ अजून आलेली नाही. येईपर्यंत मी रविवारी त्या माळावर जात राहीन. अक्का, ही कविता तुमचं देणं आहे. कच्ची असो, चुकलेली असो, एक दिवस ती पुरी करीन, आणि या वेळी पुढच्या रविवारवर न टाकता, तुमच्या खोलीत वैनींसमोर उभी राहून वाचीन.